नऊ घाण्यांची भिंगरी

तिला सगळे भिंगरी म्हणायचे. हे नाव आईनं ठेवलं की शाळेतल्या बाईंनी, यावर घरात दोन मतं होती, पण चिकटलं ते कायमचं. जेवताना ती तीनदा ताटावरून उठायची. कुणाकडे पाहुणी म्हणून गेली, तर चहा येईपर्यंत त्यांच्या खिडकीची सैल कडी घट्ट करून मोकळी व्हायची. शाळेत बाई फळ्यावर गणिताची रीत समजावत असताना हिचं उत्तर लिहून झालेलं असे. कधी बरोबर, बहुतेक वेळा चूक. "अगं, जरा ऐकून तरी घे," बाई म्हणायच्या. ऐकून घेण्याइतका वेळ भिंगरीकडे कधीच नव्हता.

तेविसाव्या वर्षी ती मोठ्या इस्पितळाच्या धुलाईखात्यात लागली. धुलाईखातं तळघरात. एका दारानं मळके कपडे गाड्यांवरून आत यायचे, दुसऱ्या दारानं घडी केलेले बाहेर जायचे. चादरी, उशांचे अभ्रे, शस्त्रक्रियेचे हिरवे झगे, बाळांचे लंगोट. मध्ये तीन अगडबंब मशीनं, पलीकडे वाळवणीची यंत्रं, आणि चादरी ओढून घेणारा एक लांबलचक तापलेला रूळ. उन्हाळा असो की हिवाळा, तिथे सदा दमट उकाडा. नवी माणसं आठवड्याभरात पळून जायची. भिंगरीला मात्र ती जागा मानवली, कारण तिथे बसायला खुर्चीच नव्हती.

तिला काम शिकवलं ते तिथल्या सगळ्यात जुन्या धुलाईवाल्या बाईनं. वयामुळे सगळे तिला मावशी म्हणत. मावशी बोलायला संथ, एकेक शब्द घोळवून बोलणारी. कपडे वेगळे कसे करायचे, चादरीत विसरलेली सुई कशी चाचपायची, मशीनच्या ढोलात किती भरायचं, हे तिनं दाखवलं. मग मशीनपाशी उभी राहून म्हणाली, "हा काटा वर चढला आणि लाल दिवा लागला, की मनात शंभरपर्यंत मोज. मग हे बटण दाब. मशीन पुढच्या पाण्याला जातं." शिकवण्यासाठी मावशीनं आठ दिवस धरले होते. भिंगरीनं ते दोन दिवसांत उरकले आणि तिसऱ्या दिवशी स्वतःचं मशीन मागून घेतलं.

ढोलभर कपड्यांना तिथे घाणा म्हणत. बाकीच्या बायका एका पाळीत सहा घाणे काढायच्या, फार तर सात. वर्ष सरायच्या आत भिंगरी नऊ काढू लागली. ढोलात चार चादरी जास्तीच्या कोंबायच्या, गुडघ्यानं रेटून दार लावायचं, शंभरऐवजी साठ मोजायचे आणि बटण दाबायचं. एक मशीन फिरत असताना ती दुसऱ्याचं रिकामं करायची. वरून कुठल्या वॉर्डाचा फोन आला की "चादरी संपल्या," तर मॅनेजर ओरडून विचारायचा, "भिंगरी कुठाय?"

मावशी निवृत्त झाली. पुढच्या वर्षी जुनी मशीनं भंगारात गेली आणि नवी आली. पोलादी, चकचकीत, आकडे दाखवणारी. कंपनीचा एक माणूस अर्धा तास भराभर बोलला, सगळ्यांनी एका कागदावर सह्या केल्या, आणि माहितीपुस्तक मॅनेजरच्या खणात कुलूपबंद झालं. सही करून भिंगरी खाली पळाली. नव्या मशीनवरही पुढच्या पाण्याला जायचं बटण होतं. तिला तेवढं पुरे होतं.

त्यानंतर जी कोणी नवी लागे, तिला मॅनेजर एकच सांगायचा, "तिच्याकडे बघा आणि तसं करा." अशा अकरा जणी तिच्या हाताखाली तयार झाल्या. त्यांतली एक तिची सख्खी नणंद. ती चुणचुणीत होती, वहिनीचा सगळा झपाटा तिनं उचलला, आणि तीन वर्षांनी एका वृद्धाश्रमाच्या धुलाईखात्यात मुख्य म्हणून गेली. "वहिनीनं शिकवलं म्हणून," असं ती चार लोकांत सांगायची. भिंगरीला ते ऐकून बरं वाटायचं. कुणाला वाटणार नाही?

तिच्या नोकरीला विसावं वर्ष लागलं आणि इस्पितळानं ठरवलं की आता सगळ्या खात्यांना प्रशिक्षण द्यायचं. धुलाईखात्याच्या वाट्याला सहा दिवस आले. रोज दुपारी एक तास, वरच्या मजल्यावरच्या भांडारखोलीत, बाकांवर बसून. शिकवायला आली ती तिशीची एक बाई, पायात सपाट बूट, खांद्याला जड पिशवी.

"वीस वर्षं कपडे धुतेय," भिंगरी शेजारणीला म्हणाली, "आता ही मला धुणं शिकवणार."

पहिल्या दिवशी ती दहा मिनिटं बसली. पाय हलवले, बोटं मोडली, पेनाचं टोपण काढलं, लावलं, काढलं. मग "वाळवणीचं यंत्र बघून येते" म्हणून जी गेली ती परत फिरकलीच नाही. दुसऱ्या दिवशी ती गेलीच नाही. शिकवणाऱ्या बाईनं तक्रार केली नाही. तास संपल्यावर ती स्वतः जिना उतरून तळघरात आली आणि भिंगरीच्या मशीनशेजारी उभी राहिली.

"ताई, सगळ्यात जास्त घाणे तुम्ही काढता म्हणे."

"नऊ," भिंगरी हात न थांबवता म्हणाली.

"तुमच्या एका घाण्यात हे टाकू का?" तिनं पिशवीतून पोलादाची एक बंद डबी काढली, सुपारीएवढी. "आतलं तापमान ही लिहून ठेवते. मिनिटामिनिटाचं."

"टाका की. माझ्या चादरी बघून घ्या एकदाच्या."

डबी एका अभ्र्यात गुंडाळून चादरींच्या मधोमध ठेवली. भिंगरीनं गुडघा लावला, दार लावलं, नेहमीसारखं मोजलं, बटण दाबलं. घाणा निघाला तेव्हा शिकवणाऱ्या बाईनं डबी आपल्या यंत्राला जोडली, आणि पडद्यावरची रेघ बघितली. मग पडदा भिंगरीकडे वळवला.

"हे काय?"

"या मशीनमधल्या कपड्यांना पंच्याहत्तर अंश लागतात. सलग दहा मिनिटं. त्याशिवाय जंतू मरत नाहीत."

"मशीनवर पंच्याहत्तरच दिसतात. रोज बघते मी."

"ते बाहेरच्या पाण्याचं. तुमच्या चादरींच्या मध्ये अठ्ठावन्न होतं. तेही चार मिनिटं."

"डबी बिघडली असेल."

"असेल," बाई म्हणाली. "दुसरी टाकू."

दुसरीनं साठ दाखवले. मग तिनं शेजारच्या मशीनमध्ये एक डबी टाकली. ते मशीन चालवायची ती बाई इतकी सावकाश होती की खात्यात तिला गोगलगाय म्हणत. दिवसाला सहा घाण्यांच्या वर तिची मजल कधी गेली नाही. बटण दाबायचं ती बहुतेक वेळा विसरूनच जायची. गोगलगायीच्या डबीत शहात्तर आले, पुरती अकरा मिनिटं.

"बघा, मी काही केलंच नाही," गोगलगाय घाबरून म्हणाली.

बायका हसल्या. भिंगरीही हसली, पण ते हसू ओठांवरच राहिलं. पाळी संपायला दोन तास होते. त्या दोन तासांत तिनं रिकाम्या गाड्या इकडून तिकडे नेल्या, तिकडून इकडे आणल्या. मशीनला तिनं हात लावला नाही.

सुटल्यावर ती घरी गेली नाही. जिने चढून वर गेली. बाळंतिणींचा वॉर्ड, मग हाडांचा, मग भाजलेल्यांचा. तिथल्या दाराबाहेर ती उभी राहिली. काचेतून पलंग दिसत होते, आणि त्यांवरच्या चादरी. पांढऱ्याशुभ्र. तिनंच धुतलेल्या. वीस वर्षं ती कपडा उजेडात धरायची, डाग नाही म्हणजे स्वच्छ. त्याहून जास्त काही बघायचं असतं, हे तिच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

वॉर्डाच्या मुख्य सिस्टर बाहेर आल्या. "काय गं, आज तू वर कशी?"

"सिस्टर, इथल्या लोकांच्या जखमा चिघळतात का हो?"

"भाजलेल्यांच्या चिघळतातच. कातडीच नसते अंगावर. का?"

"कशानं चिघळतात?"

"हजार कारणं. हवा, हात, नळ्या, त्यांची स्वतःची तब्येत."

"चादर?"

सिस्टरांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "चादरही असू शकते."

"मागच्या कुणाचं कळेल का? म्हणजे कुणाचं कशानं झालं ते?"

"नाही कळणार," सिस्टर म्हणाल्या. "आता नाही."

भिंगरी मान हलवून खाली उतरली. 'हो' म्हणाल्या असत्या तर ती रडली असती, 'नाही' म्हणाल्या असत्या तर निजली असती. हे मधलंच काहीतरी तिच्या जिवाला लागलं आणि तिथेच राहिलं.

तिचा नवरा फरशी बसवायचं काम करायचा. स्वभावानं अगदी तिच्या उलट. एकेक फरशी ठोकून, कान लावून, पोकळ वाजली तर उचलून पुन्हा बसवणारा. दोन दिवस बायको ताटावरून उठतेय, ते नेहमीचंच. पण उठून कुठेच जात नाहीये, नुसती दारात उभी राहतेय, हे त्याच्या लक्षात आलं.

"काय झालंय?"

तिनं सांगितलं. सगळं, एका दमात.

तो म्हणाला, "एका घरी मी न्हाणीघराचा ढाळ उलटा काढला होता. पाणी मोरीकडे जायचं ते दाराकडे यायचं. मला कळलं तेव्हा लोक राहायला आले होते."

"मग?"

"दोन महिने त्या गल्लीतून जायचं टाळलं. लांबून जायचो. शेवटी एकदा गेलो, म्हटलं, माझी चूक आहे, फोडून नव्यानं देतो. ते म्हणाले, आम्हाला वाटलं, आमच्याच ओल्या पायांनी दारापर्यंत पाणी येतं."

"तुमचं फोडता आलं," भिंगरी म्हणाली. "माझं काय फोडायचं?"

त्यानं तिचं ताट उचलून दारातच तिच्या हातात दिलं.

तिच्या डोक्यात एकच किडा वळवळत होता. मावशीनं असं का शिकवलं? मावशी कामचुकार नव्हती. एका चादरीला वास आला तर अख्खा घाणा पुन्हा टाकणारी बाई ती. सुट्टीच्या दिवशी भिंगरी दोन बस बदलून मावशीकडे गेली. मावशी मुलीकडे राहत होती, गुडघ्यांनी खचलेली, पण डोकं लख्ख. गॅलरीत दोरीवर पायमोजे वाळत घालत होती, एकेक, जोडीनं.

"मावशी, तू मला बटण दाबायला का शिकवलंस?"

"कुठलं बटण?"

"लाल दिवा लागला की शंभर मोजून दाबायचं. पुढच्या पाण्याला जायचं."

मावशीनं हातातला मोजा खाली ठेवला. "अगं, ते त्या जुन्या मशीनचं. त्याचा टायमर अडकायचा. गरम पाण्याची वेळ पुरी झाली तरी ते पुढे सरकायचंच नाही, उकळत बसायचं. चादरी शिजून निघायच्या. म्हणून लाल दिवा. तो दिवा लागायचाच मुळी वेळ भरल्यावर. त्यावर शंभर मोजायचे आणि आपल्या हातानं पुढे ढकलायचं. नव्या मशीनला कशाला लागतंय ते?"

भिंगरी उभीच होती. नव्या मशीनचा लाल दिवा पाणी तापल्याबरोबर लागायचा. वेळ तिथून सुरू व्हायची.

"हे तू मला सांगितलं नाहीस."

"चौथ्या दिवशी सांगणार होते. आधी हात बसू दे, मग कारण, अशी माझी रीत. तू तिसऱ्या दिवशीच मशीन घेतलंस. नंतर सांगायला आले, तर म्हणालीस, 'येतंय गं मला सगळं.'" मावशीच्या बोलण्यात राग नव्हता. "मला वाटलं, पोरगी हुशार आहे, कळलं असेल."

भिंगरी कठड्याला हात लावून खालच्या रस्त्याकडे बघत राहिली. अर्ध्या हळकुंडानं पिवळी, असं आई तिला म्हणायची. तिला ती शिवी वाटायची. ते नुसतं वर्णन होतं.

"चूक माझीही आहे," मावशी म्हणाली. "तुझ्या मागे लागायला हवं होतं. पण तू नऊ घाणे काढत होतीस, आणि मॅनेजर खूश होता. चालत्या गाडीला कोण खीळ घालणार?"

दुसऱ्या दिवशी दुपारी भिंगरी भांडारखोलीत जाऊन भिंतीला टेकून उभी राहिली. शिकवणाऱ्या बाईनं तिला बसायला सांगितलं नाही. उरलेले दिवस ती तशी उभी राहूनच शिकली, आणि प्रश्न विचारून तिनं बाईला भंडावून सोडलं. ढोलात जागा का ठेवायची? साबण कमी पडला तर कसं कळतं? मळक्या दारानं आलेल्या माणसानं स्वच्छ दारानं का जायचं नाही? सहाव्या दिवशी बाई जाताना एक डबी खात्याला ठेवून गेली. मॅनेजरनं खणातून माहितीपुस्तक काढून दिलं. त्यावरचं प्लास्टिक अजून फाडलेलं नव्हतं.

आता खरं काम पुढे होतं. अकरांपैकी सात जणी अजून तिथेच होत्या, आणि सातही जणींच्या हातात भिंगरीचीच विद्या होती. हाताला लागलेलं वळण काढणं हे लावण्यापेक्षा अवघड. ती एकीच्या मशीनपाशी जाऊन म्हणायची, "बटण दाबू नकोस." ती म्हणायची, "बरं." आणि हिची पाठ वळली की हात आपोआप बटणावर जायचा. दुसरी तर सरळ बोलली, "तूच शिकवलंस ना? आठ वर्षं बरोबर होतं, आता एका डबीनं चूक झालं?"

"तेव्हाही चूकच होतं. मला माहीत नव्हतं."

"मग आत्ता तरी माहीत आहे कशावरून?"

प्रश्न बिनतोड होता. भिंगरीनं त्या बाईच्या हातात डबी दिली. "तूच टाक. तूच वाच." तसं एकेकीला करायला लावलं. कुणाला दोन दिवस लागले, कुणाला तीन आठवडे.

इकडे घाणे कमी झाले. नवावरून सहावर, कधी साडेपाचावर. वरून फोन सुरू झाले. मॅनेजरनं तिला खोलीत बोलावलं.

"प्रशिक्षणानं काम वाढायला हवं होतं. हे तर उलटंच झालं. वरचे मला विचारतायत, सहा दिवस कशाला घालवले?"

भिंगरी त्याच्या टेबलावरचे कागद सारखे करत म्हणाली, "परत येणारी गाठोडी मोजलीत का कधी?"

"कसली?"

"डाग राहिला, वास आला, म्हणून वॉर्ड जे परत पाठवतात ते. ते पुन्हा धुवावं लागतं. माझ्या नवातले दोन तसे असायचे. आम्ही ते नवातच धरायचो. तीन महिने द्या."

"दोन," मॅनेजर म्हणाला.

ते दोन महिने तिनं कसे काढले ते तिचं तिला माहीत. झोप नाही. घाणा फिरत असताना ती त्याच्यासमोर हाताची घडी घालून उभी राहायची, आणि ती दहा मिनिटं तिला काट्यासारखी टोचायची. तिच्या अंगातलं सगळं रक्त म्हणत असायचं, दाब, पुढे जा, काहीतरी कर. ती मग त्या वेळात दुसऱ्या चादरी चाचपायची. तशा दोन सुया सापडल्या, आणि एकदा कुणाची तरी कवळी. पहिल्या महिन्याअखेर परत येणारा ढीग निम्म्यावर आला. दुसऱ्या महिन्यात फाटणाऱ्या चादरीही कमी झाल्या, कारण कोंबून रगडणं थांबलं होतं. फोन आपसूक बंद झाले. घाणे मात्र सातच राहिले. मॅनेजरनं वरच्यांना कळवलं की प्रशिक्षण यशस्वी झालं, आणि त्यात आपला खण कुलूपबंद होता हे लिहायला तो विसरला.

खात्यात तिचं कौतुक झालं. तिला ते नको होतं. कारण अकरांतल्या चौघी बाहेर होत्या. तिघींनी धुण्याचं कामच सोडलं होतं. राहिली नणंद.

वृद्धाश्रम गावाच्या दुसऱ्या टोकाला होता. भिंगरी गेली तेव्हा नणंद खुशीत होती, चहा मागवला, हाताखालच्या चार बायकांना ओळख करून दिली, "ही माझी वहिनी. सगळं हिनंच शिकवलं." भिंगरीनं तिला बाजूला घेतलं आणि सांगितलं. नणंदेचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

"म्हणजे मी पाच वर्षं इथे चुकीचं करतेय?"

"मी शिकवलं म्हणून. चूक माझी."

"तुझी चूक तुझ्या इस्पितळात, वहिनी. इथे मी मुख्य आहे. या चौघींना मी तुझ्यासारखंच बजावून बजावून शिकवलंय. आता त्यांच्यापुढे कुठल्या तोंडानं सांगू?"

"मी सांगते."

"नको. तू काही सांगू नकोस. मशीन निराळं आहे आमचं."

"निराळं मशीन म्हणूनच तर माझं चुकलं."

"वहिनी, तुझी बस जाईल," नणंद म्हणाली.

त्यानंतर दोन महिने नणंदेचा फोन नाही. भावालाही नाही. त्यानं बायकोला दोष दिला नाही, पण बहिणीची आठवण काढून एकदा म्हणाला, "निदान तिला आधी फोन करून जायचं होतंस. एकदम अंगावर गेलीस." हेही खरंच होतं. भिंगरीनं फोन उचलून ठेवला, उचलून ठेवला. करून काय बोलायचं ते सुचेना.

मग एका सकाळी नणंदेचाच फोन आला.

"दादाला देऊ?" भिंगरीनं विचारलं.

"नको. तुझ्याशीच बोलायचंय." "इथे खरूज पसरलीय. आधी दोन आजोबा, आता बारा-तेरा जण. डॉक्टर म्हणाले, औषध लावा आणि कपडे गरम पाण्यात नीट धुवा. म्हटलं, धुतोच आम्ही. पण..."

"येते," भिंगरी म्हणाली. ती घरून निघेपर्यंत फोन हातातच होता.

वृद्धाश्रमाचं मशीन लहान होतं, जुनं. डबी इस्पितळात राहिली होती. घाणा अर्धा झाला असताना भिंगरीनं तो थांबवायला सांगितलं, पाणी जाऊ दिलं, हातमोजे घातले आणि दार उघडलं. वाफ अंगावर आली. वरच्या चादरी कढत होत्या. तिनं कोपरापर्यंत हात घालून मधलं बोचकं ओढून काढलं, जमिनीवर ठेवलं आणि चादरीचे पदर एकेक करून उलगडले. अगदी आतला, तळहाताएवढा भाग कोरडा होता.

चौघी बायका बघत होत्या. नणंद खाली बसली, हातमोजा काढून त्या कोरड्या जागेवर तिनं बोट टेकवलं.

भिंगरी बोलायला लागणार, तेवढ्यात नणंद म्हणाली, "थांब, वहिनी. मला बोलू दे." आणि उठून चौघींना म्हणाली, "बघा. हे मी तुम्हाला शिकवलेलं आहे. मी चुकीचं शिकवलं. आजपासून ढोलात पाऊण भाग भरायचा, आणि बटणाला हात नाही. का, ते सांगते. नीट ऐका, मग विचारा."

चौघींतल्या एकीनं विचारलं, "मग या बारा जणांना आमच्यामुळे झालं?"

नणंदेनं वहिनीकडे पाहिलं.

"माहीत नाही," भिंगरी म्हणाली. "कळणारही नाही. मला सहा महिने होत आले, मला नाही कळलं."

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्यांनी आश्रमातली प्रत्येक चादर, अभ्रा, टॉवेल, बंडी पुन्हा धुतली. पाऊण पाऊण ढोल, पुरती वेळ. मधल्या मिनिटांत चौघी कपडे झटकत, नणंद त्यांना प्रश्नांची उत्तरं देत, आणि जे येत नसे त्याला "विचारून सांगते" म्हणत. भिंगरी वाळवणीच्या दोऱ्या ताणून बांधत राहिली.

खरूज जायला दीड महिना लागला. डॉक्टर म्हणाले औषधानं गेली. धुण्याचं नाव कुणी काढलं नाही, आणि काढायचं कारणही नव्हतं. पण तेवढे दिवस भिंगरी रोज जेवण अर्धं टाकून उठायची आणि नणंदेला फोन लावायची.

"आज किती?"

"चार."

"आज?"

"दोनच. आजी बऱ्या झाल्या."

एकदा नणंद म्हणाली, "एकाच आजोबांची राहिलीय. रात्रभर खाजवतात बिचारे. औषध नीट लावू देत नाहीत."

"चादर रोज बदलता ना?"

"बदलतो गं."

"आणि बंडी?"

"बंडी ते काढायलाच तयार नसतात."

"मी उद्या येते," भिंगरी म्हणाली, आणि मागे वळून नवऱ्याला विचारलं, "अहो, तुमची एखादी मऊ, जुनी बंडी आहे का?"